ज्याची सही, त्याचे पाय

३ फेब्रुवारी, सोमवार

बायकोच्या सांगण्यावरून ही वही. काल जेवताना म्हणाली, "रोज ऑफिसातल्या माणसांची उणीदुणी माझ्या कानात ओतता, त्यापेक्षा वहीत ओता. वहीला शिवणकाम नसतं." पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान आहे. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि दिवसभर चालू असलेलं तोंड. तरी मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

आज मोठ्या साहेबांनी बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या लिफ्ट कंपनीचे मालक. एका हॉस्पिटलसाठी खाटेची लिफ्ट बनवतोय आम्ही. रुग्ण खाटेसकट आत ढकलायचा, दोन्ही बाजूंना दरवाजे. लोखंड तयार आहे. तयार नाही ती तिची अक्कल. ही अक्कल तीन विभागांनी वाटून घेतली आहे: दरवाजा, ब्रेक आणि पॅनेल. आपला भाग कसा वागेल याचं मॉडेल प्रत्येकाने संगणकात काढून ठेवलंय. ती तिन्ही एकत्र चालवायची, आणि त्यातून लिफ्टचा प्रोग्रॅम निघणार. अडचण एवढीच, की तिघांनी ती तीन वेगळ्या भाषांत काढली आहेत आणि प्रत्येकाला आपली भाषा म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं.

"एक महिना," मोठे साहेब म्हणाले. "या तीन चित्रांनी एकमेकांशी बोललं पाहिजे."

"साहेब, ती काढणारी माणसंच एकमेकांशी बोलत नाहीत."

ते हसले. एखादी गोष्ट कळली नाही की ते हसतात. मग हसू आवरून म्हणाले, "दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, लोक चालवून घेतात. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली, तर माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर. एवढं एक सांभाळा. सही तुमची असेल."

सही माझी, म्हणजे पायही माझे. आमच्याकडे ही एक जुनी रीत आहे. दरवाजा उघडा असेल तर ब्रेक जखडून ठेवणारं एक लोखंडी कुलूप प्रत्येक लिफ्टला असतं. पहिल्या खेपेला ते मुद्दाम काढून ठेवतात, म्हणजे प्रोग्रॅमची खरी परीक्षा होते. आणि मंजुरीवर ज्याने सही केली तो आत उभा राहतो. ज्याची सही, त्याचे पाय. मोठ्या साहेबांच्या वडिलांनी सुरू केलं म्हणे. वडिलांच्या काळी प्रोग्रॅम नव्हते. पायही स्वस्त असावेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिन्ही मॉडेलं बघितली. डोकं धरून बसलो.

ब्रेकवाले चौकोन काढतात. त्यांच्या प्रमुखाला मी मनात चौकोनशेठ म्हणतो. डोकंही तसंच आहे. एक चौकोन 'थांबलेली', एक 'पातळी जुळवतेय', एक 'निघायला तयार', एक 'चालू'. निरोप आला की या चौकोनातून त्या चौकोनात. पण जो निरोप ऐकायची सोय त्या घडीच्या चौकोनात नसेल, तो हवेत विरतो. कोणी ऐकला नाही म्हणजे आलाच नाही. निघण्याआधी मजल्याशी पातळी जुळवायला लिफ्टला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात दरवाजाने "बंद झालो" म्हणून गळा काढला तरी ब्रेकला पत्ता नाही. तो नंतर "दरवाजा कुठेय, दरवाजा कुठेय" करत जन्मभर उभा राहणार.

पॅनेलवाल्याचं नाव नारद. अर्थात मीच ठेवलेलं. त्याच्या मॉडेलात उभ्या रेषा आणि आडवे बाण, कोणी कोणाला काय सांगितलं आणि कधी. कोणाच्या आत काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कळ लावून मोकळा.

आणि दरवाजावाल्या बाई. त्यांच्याकडे गोल आहेत आणि गोलांत गोट्या. दरवाजा बंद झाला की एका गोलात गोटी येते. परत उघडला की ती उचलली जाते. कोणी बघो न बघो, गोटी बसून राहते. शिकलेली, पंचेचाळीशीची बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि दिवसभर गोट्या खेळते. त्याचा पगार मिळतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिघांना एका टेबलाशी बसवलं. पुढच्या वेळी मांजरं बसवीन.

मी म्हटलं, "सोपा उपाय. तिघांनी आपापलं मॉडेल टाकून द्या आणि माझ्या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहा."

चौकोनशेठ म्हणाले, "तुमच्या भाषेत ब्रेक मावत नाही."

"ब्रेकचं काय मावायचंय? लागतो आणि सुटतो."

"तसं मग दरवाजाही उघडतो आणि मिटतो," नारद म्हणाला. "आणि तुमचं तोंडही."

चौकोनशेठ हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"टाकायचं कशाला? ज्याची भाषा त्याच्या कामाची आहे. फक्त प्रत्येक निरोपाचं एकदा बसून ठरवू. इकडून गेला तर तिकडे तो किती वेळ खरा धरायचा, कोणी पुसायचा. सतरा निरोप आहेत. मी मोजलेत."

"सतरा निरोपांसाठी सतरा बैठका?"

"एकच. पण सगळ्यांनी ऐकलं तर."

मी घड्याळ बघितलं आणि उठलो. बैठका घेऊन लिफ्ट वर जात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. अंघोळ करताना. इतका सोपा, की या तिघांना सुचला नाही यात नवल नाही.

पेटी. तिन्ही मॉडेलांच्या मधे मी एक पेटी ठेवणार. जो निरोप निघेल तो पेटीत पडेल आणि रांगेत थांबेल. ब्रेक पातळी जुळवत असो, झोपलेला असो, त्याला फुरसत झाली की रांगेतला पहिला निरोप उचलेल. काही हरवणार नाही. कोणाला भाषा बदलायला नको, कोणाशी बोलायलाही नको.

बायकोला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे तुमच्या कपाटासारखं. काहीच टाकायचं नाही."

तिला तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नसतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेटी चालली. तिन्ही मॉडेलं पहिल्यांदा एकत्र फिरली. पडद्यावरची लिफ्ट वर गेली, खाली आली, दरवाजे उघडले, मिटले. चौकोनशेठ मागे उभे राहून बघत होते. "छान," म्हणाले. या माणसाने बारा वर्षांत काढलेला हा कौतुकाचा दुसरा शब्द असावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बाई माझ्या खोलीत आल्या. दार ढकलून सरळ समोर बसल्या. आम्ही दोघंच.

"तुमच्या पेटीबद्दल बोलायचं होतं."

"बोला."

"दरवाजा बंद झाला की माझ्याकडे गोटी येते. तुम्ही तेव्हा 'बंद' असा निरोप पेटीत टाकता."

"बरोबर."

"तेवढ्यात कोणी दरवाजा परत उघडला, तर मी गोटी उचलून घेते. तेव्हा तुम्ही काय करता?"

"'उघडा' असा निरोप पाठवतो. सगळा विचार केलाय, बाई."

"कुठे पाठवता?"

"पेटीत."

"आधीच्या 'बंद'च्या मागे?"

"रांगेत. शिस्त म्हणतात त्याला."

त्या पुढे सरकल्या. "म्हणजे ब्रेक मोकळा झाला की आधी 'बंद' वाचणार. आणि निघणार."

मी शांतपणे समजावलं. मधे जातात फक्त दोन सेकंद. दरवाजा मिटलाय, लिफ्ट निघतेय, तेवढ्यात कोण कशाला उघडेल?

"खाट ढकलणारे. त्यांचं नेहमी काहीतरी बाहेर राहिलेलं असतं. चाक, नळी, नातेवाईक."

"मग त्यांना शिकवा. माझ्या पेटीत निरोप हरवत नाही, तो अर्धवट शहाण्यांच्या मॉडेलांत हरवतो. आणि खरं सांगू का, गोट्या खेळायचं वय गेलं आपलं."

त्यांनी चष्मा पदराने पुसला. "मी कधी खेळलेच नाही," म्हणाल्या. "भाऊ घेत नसत." आणि गेल्या.

कागदावर काही दिलं नाही, बरं झालं. नाहीतर फाईल वाढली असती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोनशे चौदा चाचण्या. दोनशे चौदा पास. चाचण्या मीच लिहिल्या, कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाहीत. माझ्या चाचण्यांतला प्रवासी शहाणा आहे. आत येतो, बटण दाबतो, गप्प उभा राहतो. जगात अशी माणसं जास्त असती तर माझ्यासारख्यांना काम उरलं नसतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या साहेबांसमोर सगळे. दोनशे चौदाचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. पहिली खेप तीन मार्चला, सकाळी अकरा.

तेवढ्यात बाई बोलल्या. "माझी एक शंका आहे. मी यांना सांगितली होती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शंका ऐकली, तपासली, निकालात काढली." तपासली हे तसं खरं नाही, पण ऐकता क्षणी फोल वाटलेली गोष्ट तपासली असंच धरायचं असतं.

"काय शंका?" साहेब.

बाई सांगू लागल्या. गोल, गोटी, पेटी, रांग. तिसऱ्या वाक्याला साहेब हसायला लागले, म्हणजे संपलंच. मला मग एक कल्पना सुचली. म्हटलं, "साहेब, बाईंना इतकी शंका आहे, तर पहिल्या खेपेला आत त्यांनाच उभं करू. मनातलं किल्मिष जाईल. माझी कंबरही हल्ली धरते."

चौकोनशेठ खाली बघू लागले. नारदाने तोंड उघडलं आणि मिटलं, म्हणजे त्यालाही ते जमतं.

"सही यांची आहे," साहेब म्हणाले. "रीत आहे आपली."

"बाईही करतील सही. दोघांची असू दे."

बाई म्हणाल्या, "चढते मी. पण आत उभी राहून बटणं माझ्या मनाला येईल तशी दाबीन."

"दाबा की," मी म्हटलं. "पैसे पडत नाहीत."

माझ्या बावीस वर्षांतली ही सगळ्यात सफाईदार चाल. एका दगडात दोन पक्षी: कंबर वाचली आणि बाईंची जिरेल. घरी येताना मात्र गाडीत गाणी लावावीशी वाटली नाहीत. थकवा असेल.

२ मार्च, रविवार

झोप लागत नाहीये, पण त्याला कारण घरातला गोंधळ.

संध्याकाळी बायकोचं एक गिऱ्हाईक भांडायला आलं. तिच्या मुलीचा फ्रॉक चार बोटं तोकडा निघाला. बायको कधी चुकत नाही. म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे. तिने डब्यातून मापाची चिठ्ठी काढून दाखवली: "हे बघा ना ताई, छाती, लांबी, सगळं इथे लिहिलंय."

गिऱ्हाईक म्हणालं, "ही गेल्या वर्षीची चिठ्ठी आहे. या वर्षी मी परत मापं दिली."

बायकोने डबा उपडा केला. खाली नवीन चिठ्ठी होती. वरची जुनी आधी हाताला लागली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर ती मशीनवर बसून राहिली. मी म्हटलं, "एवढं काय? माप खरंच होतं. फक्त गेल्या वर्षीचं."

"खोटं माप असलं की कापतानाच हात थबकतो हो. खऱ्या पण जुन्या मापाला थबकत नाही, सरळ कापून मोकळा होतो." मग म्हणाली, "चूक माझीच. शिवून झालं की चिठ्ठी फाडायची, हे मीच दुकानातल्या पोरींना शिकवते. ही एक फाडायची राहिली."

मी वर्तमानपत्र उचललं. वाचलं नाही. तिचा तो डबा डोळ्यांपुढून हलेना. माझी पेटी काही तिच्या डब्यासारखी नाही. माझ्या पेटीत रांग आहे.

उद्या सकाळी लवकर जाऊन एक चाचणी लिहितो. दोनशे पंधरावी. बाईंचं म्हणणं फोल आहे हे नोंदीत असलेलं बरं.

३ मार्च, सोमवार

जे झालं ते झालं तसं लिहितो. इथे कोणी बघत नाही.

दहाला दहा मिनिटं कमी असताना दोनशे पंधरावी चाचणी लिहून झाली. प्रवासी आत येतो. दरवाजा मिटतो. लिफ्ट पातळी जुळवतेय तेवढ्यात दरवाजा परत उघडतो. बाकी काही नाही. कुठल्याही खुळ्या माणसाच्या हातून होईल इतकं साधं. दहा वाजून दहा मिनिटांनी चालवली.

पडद्यावर ब्रेकने पातळी जुळवली, 'निघायला तयार' चौकोनात आला, पेटीतून पहिला निरोप उचलला. 'बंद'. ब्रेक सुटला. 'चालू' चौकोनात गेला, आणि तिथे 'उघडा' ऐकायची सोयच नाही. लिफ्ट सरळ वर गेली. दरवाजा सताड उघडा.

परत चालवली. परत तेच.

खाली लिफ्टच्या चाचणीसाठी उभारलेल्या मनोऱ्यात अकरा वाजता बाई आत उभ्या राहणार होत्या, आणि मनाला येईल तशी बटणं दाबणार होत्या. फोन टेबलावर होता. मी उचलला नाही. बाईंचं मॉडेल उघडलं. वाटलं, गोटी उचलायला त्या उशीर करत असतील. नव्हत्या. मग नारदाचे बाण तपासले, मग चौकोनशेठचे चौकोन, 'चालू'मध्ये 'उघडा' का ऐकत नाहीत म्हणून. त्यांच्या टिपणात स्वच्छ लिहिलेलं: दरवाजा बंद असल्याची खात्री निरोप देणाऱ्याने करावी. निरोप देणारी माझी पेटी. परत बाईंच्या मॉडेलात गेलो, काही तरी सापडेलच म्हणून. घड्याळात दहा पन्नास झाले होते.

जिन्याने उतरलो. लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट दुरुस्तीला काढलेली, हेही आमचंच काम. पाच मजले.

बाई आत उभ्या होत्या, चष्मा डोळ्यांवर. मोठे साहेब, चौकोनशेठ, नारद बाहेर. फिटर लिफ्ट थांबवायच्या लाल बटणापाशी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. चार शब्द होते. बाई, तुमचं बरोबर होतं. दम लागला होता. पण दम लागलेला माणूसही चार शब्द बोलू शकतो.

मी म्हटलं, "उतरा. सही माझी आहे. पाय माझे."

साहेबांचे डोळे भरून आले असावेत. "वा," म्हणाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "कंबर?"

"बरी आहे."

त्या उतरल्या. मी आत गेलो आणि मागच्या बंद दरवाजाला पाठ लावून उभा राहिलो. मनात हिशेब पक्का होता: मी उघडायचं बटण दाबणार नाही, लिफ्ट गुण्यागोविंदाने वर जाईल, टाळ्या पडतील. रात्री बसून पेटी दुरुस्त करीन, सकाळी गुपचूप बदलून टाकीन. कोणाला कळायचं कारण नाही.

वरच्या मजल्याचं बटण दाबलं. दरवाजा मिटू लागला. फटीतून बाई दिसत होत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या पायांकडे बघत होत्या. किती आत उभा आहे ते.

दरवाजा मिटला. पातळी जुळवल्याची ती बारीक थरथर सुरू झाली. आणि दरवाजा उघडला. बाईंचा अंगठा बाहेरच्या भिंतीवरच्या बटणावर होता. बाहेरूनही दरवाजा उघडता येतो हे मला माहीत होतं. सतरा निरोपांतला एक तोच आहे.

मग लिफ्ट हलली. गोगलगाईच्या वेगाने, पण हलली. बाहेरची जमीन खाली जाऊ लागली, बाईंचा चेहरा माझ्या खांद्यापाशी आला, मग छातीपाशी. बावीस वर्षं लोकांकडे वरून बघत आलोय. आजची उंची सोसवली नाही. बाईंनी फक्त हात वर केला आणि फिटरने लाल बटण दाबलं. लिफ्ट गुडघाभर उंचीवर थांबली.

फिटरने स्टूल आणून खाली ठेवलं. "सावकाश, साहेब," म्हणाला. मी स्टुलावरून उतरलो.

४ मार्च, मंगळवार

आज ऑफिसात भलताच प्रकार. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की यांना ऐनवेळी शंका आली, आणि बाईंना बाहेर काढून हे स्वतः आत चढले. याला म्हणतात जबाबदारी. वडील असते तर असं, तसं. चौकोनशेठनी हात हातात घेऊन दाबला. नारदसुद्धा म्हणाला, "मी तुम्हाला फार वेगळा समजत होतो."

मी नमस्कार केला. सगळं खोटं नव्हतंच. शंका आली होती, बाहेर काढलं होतं, चढलो होतो. तीन निरोप, तिन्ही खरे.

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही दोनदा वाजवल्या.

घरी सांगितलं तर बायकोचं मशीन थांबलं. "तुम्ही? दुसऱ्या कोणासाठी तरी? चढलात?"

"हो."

"आधी काय करून ठेवलं होतंत?"

हीच बायको परक्यांशी किती गोड बोलते. मी जेवून झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो.

५ मार्च, बुधवार

साहेबांना अहवाल हवा. रकाने छापील आहेत. 'दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला' आणि 'कधी'. दुपारभर पेन घेऊन बसलो. १९ तारखेला खोलीत आम्ही दोघंच होतो. बाईंनी कागद दिला नव्हता. २५ तारखेला बोलल्या ते कोणाला कळलं नव्हतं, साहेब तर हसत होते. माझं नाव आणि ३ मार्च लिहिलं तर कोणी हूं की चूं करणार नाही.

बाईंचं नाव लिहिलं. १९ फेब्रुवारी. उगीच पुढे भानगड नको. भानगड कोण करणार होतं ते मात्र लिहायला बसल्यावर आठवेना.

६ मार्च, गुरुवार

पेटी दुरुस्त करायला गेलो तर काहीतरी भलतंच मोडायला लागलं. शिळा 'बंद' काढून टाकावा तर ब्रेक खोळंबतो. ठेवावा तर निघतो. तीन वेळा केलं, तीन वेळा मोडलं. प्रत्येक निरोप वेगळा वागतो: काही जपायचे, काही ताबडतोब फाडायचे, काही दुसरा आल्यावर फाडायचे. कुठला कसा, हे माझ्या भाषेत कुठेच लिहिलेलं नाही. बाईंच्या त्या सतरा ओळींच्या कागदावर असेल.

शेवटी गेलो त्यांच्या टेबलापाशी. अकरा वर्षं त्या दरवाजा विभागात आहेत आणि मी त्यांच्या टेबलापाशी पहिल्यांदा गेलो, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. काचेखाली दरवाजात अडकलेल्या वस्तूंची यादी होती, गेल्या दहा वर्षांची. चपला, छत्र्या, सलाईनची नळी, एक हात.

अहवाल त्यांच्या हातात होता. वाचून झाला असावा. आभार वगैरे काही मानले नाहीत.

"सामायिक संगणकावर प्रत्येक चाचणीची वेळ नोंदली जाते," त्या म्हणाल्या.

जाते. ती सोय मीच करून घेतली होती, कोण कामचुकारपणा करतं ते बघायला.

"दोनशे पंधरावी दहा वाजून दहा मिनिटांनी. तुम्ही खाली आलात अकराला पाच कमी असताना."

"जिने पाच आहेत."

"पाच जिन्यांना पाच मिनिटं. बाकीची चाळीस मिनिटं काय करत होतात?"

शेजारच्या टेबलावर कोणी नव्हतं. चौकोनशेठ लांब खिडकीशी उभे होते. सांगण्यासारख्या तीन-चार गोष्टी मनात आल्या, सगळ्या पटण्यासारख्या.

"तुमची चूक शोधत होतो," मी म्हटलं.

"सापडली?"

"नाही."

त्यांनी बाजूच्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या, कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर पेन्सिलीने एक गोल काढला.

"बसा मग."

बसलो.